अर्ध्या माणसांचं वजन

आमच्या वरच्या मजल्यावर लिफ्टकाका राहतात, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नवीन माणसाला हे सांगितलं की तो हसतो. काका हसत नाहीत. "घरी आल्यावर तरी काहीतरी बंद पडेल ही धास्ती नको," असं म्हणून ते कठड्याला धरत, मधल्या वळणावर दम खात, शांतपणे जिना चढतात.

काकांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते, तिला ते विहीर म्हणतात. "विहिरीत असताना" अशी त्यांच्या बोलण्याची सुरुवात झाली की आपण पाय पोटाशी घेऊन ऐकायला बसावं. विहिरीत म्हणे कायम संध्याकाळ असते. गार असतं, ग्रीसचा वास असतो, आणि अगदी वर, जिथे यंत्र असतं तिथल्या फटीतून उजेडाची एक पट्टी खाली सोडलेली असते, कुणी धोतर वाळत घालावं तशी. त्या अंधारात काका एका बाजूला उभे असायचे आणि शेजारून भरलेली लिफ्ट हळूच निघून जायची. आतल्या माणसांचं बोलणं तेवढं कानावर पडायचं. "म्हणून मी तिला स्पष्टच सांगितलं की..." आणि लिफ्ट वर. बाकीचं वाक्य पाचव्या मजल्यावर.

"काय सांगितलं असेल रे तिला?" काका अजूनही मला मध्येच विचारतात. चहाचा कप हातात तसाच असतो. ती बाई कोण, ते वर्ष कुठलं, काही ठाऊक नाही. पण उभ्या आयुष्यात हजारो गोष्टी ऐकून एकीचाही शेवट न कळलेला माणूस असाच होणार. जरा तरंगणारा.

निवृत्त झाल्यापासून तर ते फारच तरंगायला लागले. गॅलरीत उभे राहून ढग बघतात. एखादा मोठा, काळपट ढग न पडता निवांत चाललेला दिसला की समाधानाने मान हलवतात आणि म्हणतात, "वजन बरोबर लावलंय." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. जगात कुठलीच वस्तू मुळात जड नसते, पलीकडच्या टोकाला कुणी धरलेलं नसतं म्हणून ती जड वाटते. काकू म्हणतात, "मग ती पिठाची गोणी जिन्यात आहे, तिच्या पलीकडच्या टोकाला जा आणि धरा."

काकूंचं काम मोठं गमतीचं. ज्यांना ऐकू येत नाही, अशा लोकांसाठी त्या सिनेमांना अक्षरं देतात. नुसते संवाद नाहीत, आवाजसुद्धा. पडद्यावर दार उघडलं की खाली लिहायचं, दार करकरतं. कुत्रं दिसत नाही पण भुंकतंय, तर लिहायचं, लांबून कुत्रं भुंकतं. ऑफिसातून सिनेमा येतो, घरी बसून काकू त्याला अक्षरं लावतात आणि परत पाठवतात. त्यासाठी दोन स्क्रीन शेजारी शेजारी लागतात. डावीकडे सिनेमा, उजवीकडे शब्द. एक डोळा इकडे, एक तिकडे, आणि कान मध्ये.

या कामाने घराची भाषाच बदलून गेली आहे. उसासा कसा लिहावा हे ठरेना की काकू काकांना समोर उभं करतात.

"अहो, एक उसासा टाका."

काका टाकतात.

"हा कंटाळ्याचा झाला. मला सुटकेचा हवाय."

"तू कामातून उठलीस की येईल आपोआप."

आणि काकू रागावल्या तर भांडी आदळत नाहीत. ओट्याशी उभ्या राहून, मागे न बघता, अगदी सपाट आवाजात नुसतं म्हणतात, "भांडी आदळण्याचा आवाज." काका लगेच पेपर खाली ठेवतात.

हे सगळं सुरू झालं ते अक्कांमुळे. अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. यजमान गेल्यावर इकडेच राहायला आल्या. त्यांचं ऐकणं एका दिवसात गेलं नाही. रेडिओची कळ कुणीतरी रोज थोडी थोडी मागे फिरवत न्यावी, तसं ते कमी होत गेलं आणि एक दिवस नुसताच दिवा उरला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे अक्का बोलतात ते थेट तळमजल्यापर्यंत पोचतं. पूर्वी त्या टीव्हीसमोर बसून वैतागायच्या. "नुसते ओठ हलतात मेल्यांचे! मासे बघतेय की माणसं?" तेव्हा काकूंनी शेजारी बसून कागदावर लिहून दाखवायला सुरुवात केली, आणि त्याचंच पुढे काम झालं.

आता अक्का काकूंच्या मागे आरामखुर्चीत बसतात आणि प्रत्येक ओळ तपासतात. "शिट्टी वाजते, असं लिहिलंयस. कुणाची? पोराची, पोलिसाची की कुकरची? आम्ही काय समजायचं?" काकू निमूटपणे दुरुस्त करतात. माझ्या मते त्या ऑफिसातल्या साहेबांपेक्षा अक्कांना जास्त भितात.

तर मागच्या वर्षी काकूंकडे एक समुद्राचा सिनेमा आला. दीपगृहात एकटी राहणारी एक बाई, आणि भोवती पाणी. संवाद जेमतेम, आवाज मात्र वारेमाप. खडकावर आपटणारी लाट वेगळी, वाळूत विरणारी वेगळी, धुक्यातला भोंगा वेगळा. हा सिनेमा म्हणे कुणीच घ्यायला तयार नव्हतं. काकूंनी आनंदाने घेतला, अक्का तर त्या बाईच्या प्रेमातच पडल्या, आणि नेमकी तेव्हाच काकूंची मान गेली.

जाणार नाहीतर काय? काकूंचं टेबल म्हणजे त्यांचं जुनं शिवणयंत्राचं टेबल. त्यावर डावीकडची नवी, पातळ स्क्रीन दोन शब्दकोशांवर उभी, आणि उजवीकडची जुनी, चौकोनी, पोट सुटलेली स्क्रीन बिस्किटांच्या डब्यावर. एक वर, एक खाली, दोन्ही डोळ्यांच्या पातळीपेक्षा बऱ्याच बुटक्या. काकू दिवसभर ताटातला केस शोधत असल्यासारख्या वाकलेल्या. मानेच्या डॉक्टरांनी बजावलं की स्क्रीन डोळ्यांसमोर आणा, पुतळ्यासारखं एका जागी बसू नका, नाहीतर हे काम सोडा.

मी एकदा सकाळी वर गेलो तर काकू मानेला गरम पाण्याची पिशवी लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "एवढा समुद्र पार पाडते आणि ऑफिसला कळवते, की बास. लोक म्हणतात मान वर करून जगावं. मला तर ती वळवताही येत नाही."

आवाज सपाट होता. भांडी आदळण्याचाही नव्हता.

अक्का आता घरच्यांचे ओठ वाचतात, त्यांना कळू नये म्हणून काकू भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. पण त्या भिंतीवर आरसा होता. मागून अक्का गरजल्या, "मला दिसतंय बरं तुझं तोंड! आरशात! बहिरी आहे मी, आंधळी नाही."

मग त्यांनी आरशावरची नजर काढून घेतली. नंतर म्हणाल्या, "बरंच झालं. माझेही डोळे दमलेच आहेत. काय करायचंय सारखे सिनेमे बघून?" आणि उठून त्यांनी आरामखुर्ची ओढत ओढत खिडकीकडे वळवली. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. त्या भिंतीकडे बघत बसल्या.

काका दारात उभे होते. त्यांच्या हातात ढगांकडे बघताना असतो तोच कप होता. पण तो त्यांनी खाली ठेवला.

आधी दुकानातला तयार स्टँड आणून झाला. कोपरासारखी वाकणारी सांधेदार बाही, टोकाला टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्प. पण शिवणयंत्राच्या टेबलाची कड नक्षीदार, गोलसर. क्लॅम्प आवळला की घसरायचा, जास्त आवळला की टेबल कण्हायचं. ("लाकूड कण्हतं," काकू म्हणाल्या.) शिवाय जुन्या स्क्रीनच्या पाठीला स्क्रूची चार भोकंच नव्हती. काकांनी ती बाही वरखाली करून पाहिली, कानाशी नेली आणि परत खोक्यात घातली.

"हिच्यात स्प्रिंग आहे," ते मला म्हणाले.

"मग?"

"स्प्रिंग दमते. वजन कधी दमत नाही."

त्या दिवसापासून काका पुन्हा विहिरीत उतरले. म्हणजे गॅलरीतच, पण चेहरा विहिरीतला. फरशीवर खडूने आकृत्या आल्या. भंगारवाल्याकडून दोन कप्प्या आल्या, बारीक पोलादी वायर आली. मोठ्या कपाटाच्या ड्रॉवरची लांब चॅनेल्स आली. जुन्या पलंगाची एक सागवानी पट्टी माळ्यावरून खाली उतरली. कोपऱ्यावरचा वेल्डर दोन लोखंडी कंस घेऊन आला आणि सगळा पसारा बघून म्हणाला, "काका, टीव्ही टांगायचाय की हत्ती?"

"टांगायचं काही नाही," काका म्हणाले. "तरंगवायचंय."

वेल्डरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

बेत असा होता. टेबलामागच्या भिंतीवर दोन उभी चॅनेल्स, म्हणजे रूळ. त्या रुळांवरून वरखाली सरकणारी ती आडवी सागवानी पट्टी. पट्टीवर दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी, मध्ये बिजागरी, म्हणजे उघडलेल्या पुस्तकासारख्या जरा आत वळलेल्या. पट्टीला बांधलेली वायर वर जाऊन कप्प्यांवरून कपाटामागे उतरणार, आणि तिच्या टोकाला पत्र्याचा एक डबा. डब्यात लोखंडाचे तुकडे, स्क्रीनना तोलून धरणारे. म्हणजे लिफ्टच. फक्त माणसांऐवजी काकूंच्या नजरेला वर नेणारी.

नवी स्क्रीन हलकी, जुनी जड. पट्टी बरोबर मध्यावर बांधली असती तर जुन्या बाजूला कलंडली असती. काकांनी पट्टीखाली बोट धरून, ते इकडे तिकडे सरकवत, ती जिथे स्थिर राहील ती जागा शोधली. बराच वेळ ते तसे उभे होते, एका बोटावर दोन स्क्रीन घेऊन, डोळे मिटून. जुन्या स्क्रीनला भोकं नव्हती म्हणून तिच्यासाठी त्यांनी लाकडाचे चार चिमटे कोरले, आतून मऊ कापड लावलेले. "म्हातारीला दुखायला नको."

मग काकूंच्या डोळ्यांची उंची मोजायची वेळ आली. काका टेप घेऊन उभे.

"सरळ बस."

"बसलेय की."

"ही फोटोला बसतेस तशी बसलीस. रोज बसतेस तशी बस."

काकू जराशा सैल झाल्या.

"अजून."

"आता अजून सैल झाले तर खुर्चीखाली जाईन."

"डोळे कुठे बघतात ते सांग. माझ्याकडे नको बघू, समोर बघ."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालात, माझ्याकडे नको बघू," काकू म्हणाल्या, आणि काकांच्या हातातला टेप सर्रकन मिटला.

बसवण्याच्या दिवशी मी होतो, वेल्डर होता. खिडकीकडे तोंड करून अक्का होत्या, मला काही घेणंदेणं नाही अशा पाठीने. काकांनी चॅनेल्समध्ये ग्रीस भरलं. पातळ तेल नाही, लिफ्टच्या रुळांना लावतात ते मधासारखं घट्ट ग्रीस. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी घड्याळ वगैरे देऊ केलं तेव्हा काकांनी याचा डबा मागून घेतला होता म्हणे. मग शब्दकोश निघाले, बिस्किटांचा डबा निघाला, आणि टेबलाच्या वर, कशाच्याही आधाराशिवाय असल्यासारखे, दोन स्क्रीन उभ्या राहिल्या. मध्ये हवा.

"बोट लाव," काका काकूंना म्हणाले.

काकूंनी पट्टीखाली एक बोट लावलं. दोन्ही स्क्रीन समुद्रासकट वर गेल्या. आवाज नाही, झटका नाही. बोट काढलं, तिथेच थांबल्या. वरून बोट लावलं, खाली आल्या. काकूंनी पुन्हा वर नेल्या, पुन्हा खाली आणल्या, मग काही कारण नसताना आणखी एकदा वर नेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलीचं काहीतरी आलं होतं.

"आवाज काय येतो याचा?" अक्कांनी विचारलं. त्या कधी वळल्या होत्या कुणास ठाऊक.

काकूंनी कान दिला. मग अक्कांकडे तोंड करून नुसती मान हलवली. काहीच नाही.

"मग आपण सारख्याच," अक्का म्हणाल्या, आणि "खिडकीतून वारा येत नाही" असं जाहीर करून त्यांनी खुर्ची पुन्हा जागेवर आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू जिन्यात भेटल्या. चेहरा उतरलेला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "तुला एक सांगते, यांना बोलू नकोस. मी खचतेय रे."

"म्हणजे?"

"सकाळी बसते तेव्हा स्क्रीन बरोबर डोळ्यांसमोर असतात. तास-दोन तासांनी बघावं तर मी खालून बघत असते. माझे मणके-बिणके आत चाललेत. हल्ली म्हणे वयाने माणसं बुटकी होतात, पण एका सकाळीत?"

काकांना दुखवायला नको म्हणून त्या बिचारीने काय करावं? बुडाखाली उशी घेतली. मग दुसरी घेतली. मग पाट ठेवला. उशांच्या ढिगावर तोल सांभाळत बसून धुक्यातले भोंगे लिहीत होत्या. तेही पुरेना तेव्हा उठून उभ्या राहिल्या आणि उभ्यानेच लाटा लिहिल्या. काम मात्र होत होतं. पण मनात त्यांचं पक्कं झालं होतं की हे शेवटचंच. मानही गेली आणि आता माणूसच आटत चाललंय.

शोध लावला तो अक्कांनी. त्यांना ऐकायचं काही नसतं, म्हणून त्या बघतात. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी त्या अशा ओरडल्या की मी खालून धावत वर गेलो.

"अगं, सकाळी तो भिंतीवरचा खिळा दिसत नव्हता! स्क्रीनच्या मागे होता! आता बघ, खाली दिसतोय! तू नाही खाली जात आहेस बाई, त्या स्क्रीनच वर चालल्यात!"

"अशक्य," काका म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"अशक्य म्हणतायत," काकूंनी अक्कांकडे तोंड करून सांगितलं.

"मेहुणे, माझे कान गेलेत. खिळा गेलेला नाही."

काका टेबलासमोर जमिनीवर बसले. आम्हीही बसलो. डाव्या स्क्रीनवर समुद्र थांबवून ठेवलेला होता, लाट अर्धी उचललेली, फेस हवेत. उजवीकडे काकूंचं अर्धं वाक्य. बाहेर दुपारचं पिवळट ऊन शेजारच्या भिंतीवर पडून आमच्या खोलीत परत येत होतं. काही हलत नव्हतं. घड्याळाचा तासकाटा जसा आपण बघत असताना कधीच हलत नाही, तसं. आणि तरी थोड्या वेळाने खिळ्याच्या वर भिंतीचा एक डाग दिसायला लागला, जो मघाशी नव्हता. समुद्र चढत होता. एवढं सगळं पाणी, ती दीपगृहातली बाई, तिचं धुकं, सगळं मिळून कुठल्याही घाईशिवाय छताकडे निघालं होतं, आणि आम्ही चौघं तळाशी बसून बघत होतो. मला तर वाटलं, असंच बसून राहावं. आपणही निघू हळूहळू.

काका एकदम कपाळावर हात मारून उठले, कपाटामागे गेले, आणि तिथूनच त्यांचा आवाज आला. विहिरीतून यावा तसा.

"अर्धी माणसं धरली मी!"

"कुठली माणसं?" काकूंनी विचारलं.

"लिफ्टमधली!"

मग त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. लिफ्ट कधी रिकामी असते, कधी खचाखच भरलेली. म्हणून पलीकडचं वजन लावताना लिफ्टचं वजन तर धरायचंच, शिवाय ती अर्धी भरली आहे असं समजून तेवढं जास्त लोखंड घालायचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी फार ओढ बसत नाही. रिकामी लिफ्ट त्यामुळे मनाने वरच जायला बघते, ब्रेक तिला धरून ठेवतो. उभा जन्म काकांनी हेच केलं. इथेही दोन्ही स्क्रीन काट्यावर तोलल्या, आणि मग हाताने, न विचारता, सवयीने अर्ध्या माणसांचं लोखंड डब्यात टाकलं. इथे ब्रेक नव्हता. होतं ते फक्त मधासारखं ग्रीस. त्याने घाई करू दिली नाही, पण थांबवलंही नाही.

"या स्क्रीनमध्ये माणसं कुठून चढणार होती हो?" काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. बायकोची मान वाचवायला निघालेला माणूस, तीन दिवस तिला उशांवर चढवत होता. "आत्ता काढतो," ते म्हणाले. "बरोब्बर तोलून देतो. हलणार नाही, जागची हलणार नाही."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्यांचा हात मानेवर होता. त्यांनी मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, अविश्वासाने, दुसऱ्याची मान तपासून बघावी तशी.

"अहो, मी कालपासून मान शेकलेलीच नाही."

"विसरलीस?"

"दुखली नाही म्हणून विसरले. म्हणजे दुखतेय, पण ती आधीची नाही. सकाळी बसून लिहिते, मग जरा ताठ होते, मग उशी, मग उभी. एका जागी राहायला मिळतंय कुठे? या स्क्रीन मला घेऊनच चालल्यात."

"म्हणजे चुकलं ते बरं झालं?" काकांनी आशेने विचारलं.

"चुकलं ते चुकलंच आहे. पाटावर उशा रचून सर्कस करायला लावलीत मला. पण सगळी काढू नका. थोडी माणसं राहू द्या."

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" अक्का कडाडल्या.

काकूंनी त्यांच्यासमोर जाऊन, तोंड नीट दिसेल असं, सगळं सांगितलं. अक्कांनी ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग ठेवा की. तसंही या घरात येतंय कोण?"

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. काकू खुर्चीत बसल्या, उशा काढून, रोज बसतात तशा. काका डब्याशी. एकेक लोखंडाचा तुकडा ते बाहेर काढायचे, हातात तोलायचे, जरा वेळ आठवायचे आणि सांगायचे.

"हे सहाव्या मजल्यावरचे वकील. जाडे. कायम आरशात बघायचे."

"उतरवा त्यांना."

वकील खाली उतरले. सगळे स्क्रीनकडे बघत राहिलो. अजून जरा घाईच होती.

"हा फुलं घेऊन यायचा तो. कुणासाठी यायचा, कधी कळलं नाही."

"त्याला राहू द्या."

"ही भाजीच्या पिशव्यावाली आजी. दोन माणसांची जागा घ्यायची."

"उतरवा. नाही, नको. पिशव्या उतरवा, आजींना राहू द्या."

काकांनी एक मोठा तुकडा काढून त्याऐवजी लहान घातला. अक्का आमच्या तोंडाकडे बघून हसत होत्या, कारण आता काय चाललंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटी डब्यात मोजकी माणसं उरली आणि स्क्रीन अशा चालीने निघाल्या की सकाळी काकू बसतील तेव्हा डोळ्यांसमोर, आणि जेवायच्या वेळी त्या उभ्या राहतील तेव्हाही डोळ्यांसमोर. मधला सगळा वेळ काकूंना कळू न देता, हाताला धरून उठवल्यासारखं.

मान काही जादूने बरी झाली नाही. हवा बदलली की धरते. काही सकाळी काकू पिशवी लावूनच कामाला बसतात. आणि ऑफिसला काय सांगायचं याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. काकांनी विचारलं नाही, त्यांची छाती झाली नाही. अक्कांनी विचारलं नाही, कारण अक्का जे विचारत नाहीत ते त्यांना सगळ्यात जास्त हवं असतं.

समुद्र संपला त्या दुपारी मी तिथेच होतो. शेवटचा प्रसंग अक्कांना दाखवायचा होता. दीपगृहातली ती बाई दिवा विझवते, पायऱ्या उतरते, आणि पाण्याच्या कडेला येऊन नुसती उभी राहते. बोलत नाही. काकू उभ्या होत्या, कारण तोवर स्क्रीन वर पोचल्या होत्या. अक्काही खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या, नीट दिसावं म्हणून, आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून वाचत राहिल्या. लाट येते. लाट वाळूत विरते. दुसरी, जरा मोठी. लांब कुठेतरी पक्षी, एकच. मग बराच वेळ खाली काही अक्षरच नव्हतं, आणि अक्कांनी एकदाही विचारलं नाही की आत्ता काय ऐकू येतंय.

सिनेमा संपला. काकूंनी तो पाठवून दिला आणि फोन उचलला.

काका कपाटाशी स्टुलावर उभे राहून कप्पीला तेल देत होते. हात थांबला. अक्कांनी काकूंचं तोंड दिसेल अशी जागा धरली.

"हो, पाठवला," काकू फोनवर म्हणाल्या. "हो, सगळ्या लाटांसकट. नाही हो, दमले नाही. म्हणजे दमले, पण ते ठीक आहे." मग पलीकडचं कुणीतरी बराच वेळ बोलत राहिलं. काकू ऐकत होत्या. काका श्वास धरून होते, त्यांना माहीत होतं, बोलणं नेमकं कुठे तुटतं ते.

"मी तेच सांगायला फोन केला होता," काकू म्हणाल्या. "पुढचा पाठवा. मोठा असला तरी चालेल. फक्त त्यात माणसं जरा जास्त बोलणारी असू द्या, आमच्या अक्कांना गप्पा आवडतात."

फोन ठेवून त्यांनी पट्टीवर एक बोट टेकवलं. दोन्ही रिकाम्या स्क्रीन अलगद खाली आल्या, अगदी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत. काकू खुर्चीत बसल्या. अक्काही बसल्या.

"पुढचा कशाचा आहे?" अक्कांनी अख्ख्या इमारतीला विचारलं.

"अजून कुठे आलाय," काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. मान सहज वळली होती. ते कुणाच्या लक्षात यायच्या आत त्या पुन्हा समोर बघायला लागल्या, आणि दोन्ही स्क्रीन, कुणालाही न कळता, वर निघाल्या.